दोन कळा एकदम

संगणकावर इन्स्क्रिप्ट पद्धतीने ‘शाळा’ हा शब्द लिहायचा असेल, तर चार कळा दाबाव्या लागतात : श, काना, ळ आणि पुन्हा काना. यांपैकी श आणि ळ ही अक्षरे आपापल्या कळेच्या वरच्या मजल्यावर राहतात. म्हणजे ती उमटवताना एका हाताच्या करंगळीने शिफ्टची कळ दाबून धरायची, आणि ती धरलेली असतानाच दुसऱ्या हाताच्या बोटाने अक्षराची कळ दाबून सोडायची. ‘फळा’ या शब्दात तर तीन कळांपैकी दोन अशा आहेत. धडधाकट हातांच्या माणसाच्या हे लक्षातही येत नाही. ज्याच्या बोटांचे सांधे सुजलेले किंवा आखडलेले आहेत, त्याला मात्र हा शब्द लिहिताना दोनदा थांबावे लागते. मराठीत ‘कळ’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. संधिवाताच्या माणसाला ते दोन्ही एकदम कळतात.

या अडचणीचे मूळ आजारात आहे, असे आपण सहज म्हणून जातो. ते अर्धेच खरे आहे. उरलेला अर्धा भाग यंत्राच्या इतिहासात आहे. एका वेळी दोन कळा दाबण्याची सक्ती केव्हा आणि कशासाठी झाली, ते कारण संपल्यावरही ती का टिकली आणि शेवटी कोणासाठी सैल झाली, हे या लेखात पाहू.

आधी हाताकडे पाहू. संधिवात हे एका रोगाचे नाव नाही. सांध्यांच्या शंभराहून अधिक विकारांना मिळून हा शब्द वापरला जातो. त्यांतले दोन बोटांच्या बाबतीत विशेष महत्त्वाचे. पहिला झिजेचा संधिवात. यात हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत कूर्चा खराब होत जाते, आणि बोटांच्या शेवटच्या पेराजवळ व अंगठ्याच्या मुळाशी दुखणे सुरू होते. शेवटच्या पेराच्या सांध्यावर टणक गाठी येतात. त्यांना इंग्लंडमधील वैद्य विल्यम हेबर्डेन यांचे नाव आहे. या गाठींचा गाऊट या रोगाशी संबंध नाही, हे त्यांनी अठराव्या शतकातच ओळखले होते. दुसरा आमवात. यात शरीराची प्रतिकारयंत्रणाच सांध्याच्या अस्तरावर हल्ला करते. बोटांच्या मुळाचे आणि मधले सांधे सुजतात, सकाळी उठल्यावर हात तासभर किंवा त्याहूनही जास्त वेळ ताठरलेले राहतात, आणि उपचार न झाल्यास पुढे बोटे करंगळीच्या दिशेने कलू लागतात. हा विकार पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये दोन ते तीन पट अधिक आढळतो. १९८० नंतर मेथोट्रेक्सेटचा वापर रूढ झाला आणि १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस जैविक औषधे आली. त्यामुळे वेळीच उपचार घेणाऱ्यांचे हात पूर्वीइतके वाकडे होत नाहीत. म्हणून बोटांची सकाळची आखड आठवडेच्या आठवडे राहिली, तर ती वयावर ढकलून न देता डॉक्टरांना दाखवावी.

आता थोडे भौतिकशास्त्र. बोट ही एक तरफ आहे. भार टोकाशी पडतो आणि स्नायूची दोरी सांध्याच्या अगदी जवळ ओढते. भाराची भुजा लांब, बलाची भुजा आखूड. त्यामुळे टोकाशी थोडासा दाब निर्माण करायलाही दोरीला पुष्कळ जोराने ओढावे लागते, आणि तो सगळा जोर सांध्याच्या पृष्ठभागांवर येतो. चिमटीत एक किलो वजनाइतका दाब निर्माण केला, तर अंगठ्याच्या मुळाच्या सांध्यावर सुमारे बारा किलोंचा दाब येतो, असे गणित मांडले गेले आहे. वर्गात तरफेचे प्रकार शिकवताना अडकित्त्याबरोबर हे उदाहरणही द्यायला हरकत नाही.

संगणकाची कळ दाबायला साधारण पन्नास ते सत्तर ग्रॅम वजनाइतके बल पुरते. हे फार नाही. बोट नुसते वरून सोडले तरी त्याच्या वजनाने बरेचसे काम होते, आणि कळ लगेच सुटते. कळ दाबून धरणे ही मात्र वेगळीच क्रिया आहे. तेथे स्नायू आखडलेलाच ठेवावा लागतो, करंगळी बाहेरच्या बाजूला ताणावी लागते आणि त्याच वेळी दुसरे बोट नेमके दुसऱ्या कळेवर न्यावे लागते. आमवातात नेमका हाच ताण नकोसा होतो. एका बोटाने किंवा मुठीत धरलेल्या पेन्सिलीच्या मागच्या टोकाने एकेक कळ दाबत जाणारे पुष्कळ जण आहेत. त्यांना वेळ लागतो, पण काम होते. अडते ते दोन कळांपाशी.

टंकलेखन यंत्राच्या इतिहासाची सुरुवात पाहिली तर मोठी गंमत वाटते. इटलीत पेल्लेग्रिनो टुर्री यांनी १८०८ च्या सुमारास एक लेखनयंत्र तयार केले, ते दृष्टी गेलेल्या कॅरोलिना फान्तोनी यांना आपली पत्रे आपल्या हाताने लिहिता यावीत म्हणून. यंत्र शिल्लक नाही. त्यावर लिहिलेली काही पत्रे आहेत. पुढे डेन्मार्कमध्ये मूकबधिरांच्या संस्थेचे प्रमुख असलेल्या रास्मस मालिंग-हान्सेन यांनी लेखनगोल बनवला. दृष्टी अधू होत चाललेल्या नीत्शे या तत्त्वज्ञाने १८८२ मध्ये तो घेतला होता. म्हणजे ज्यांना हाताने लिहिता येत नाही अशांची सोय हा या यंत्रामागचा अगदी सुरुवातीचा एक हेतू होता. कचेऱ्या नंतर आल्या.

कचेऱ्यांसाठी यंत्र यशस्वी केले ते अमेरिकेतल्या क्रिस्टोफर शोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. १८७४ मध्ये रेमिंग्टन कंपनीने ते बाजारात आणले. आज आपण ज्याला क्वर्टी म्हणतो त्या मांडणीचा उगम याच यंत्रात आहे. पण त्या पहिल्या यंत्रावर शिफ्ट नव्हती, कारण ते फक्त मोठ्या लिपीतली इंग्रजी अक्षरे छापत असे. एक कळ, एक दांडी, एक अक्षर, असा साधा हिशेब.

लोकांना लहान अक्षरेही हवी होती. ती देण्याचे दोन मार्ग होते. पहिला असा की, कळा दुप्पट करायच्या : मोठ्या ‘ए’ची एक, लहान ‘ए’ची दुसरी. कॅलिग्राफ आणि स्मिथ प्रीमियर या यंत्रांनी हा मार्ग धरला; त्यांच्या फलकावर सत्तरहून अधिक कळा असत. दुसरा मार्ग रेमिंग्टनने १८७८ च्या आपल्या दुसऱ्या यंत्रात वापरला. प्रत्येक दांडीच्या टोकावर दोन ठसे बसवायचे, लहान आणि मोठा. एक खास कळ दाबली की कागदाची गाडी, म्हणजे कॅरेज, किंचित सरकते आणि लहान ठशाऐवजी मोठा ठसा कागदावर आदळतो. शिफ्ट हे नाव त्यावरूनच पडले : तेथे खरोखरच काहीतरी सरकत होते. आणि गाडी सरकलेली राहावी म्हणून ती कळ दाबून धरणे भागच होते. स्प्रिंग गाडीला मागे खेचत असे. बोट हाच तिचा अडसर.

दोन्ही पद्धती पुढे काही दशके शेजारी शेजारी नांदल्या. २५ जुलै १८८८ रोजी सिनसिनाटी येथे एक स्पर्धा झाली. एका बाजूला कॅलिग्राफवर काम करणारे लुई ट्रॉब, दुसऱ्या बाजूला रेमिंग्टनवर काम करणारे, न्यायालयात लघुलेखक असलेले फ्रँक मॅकगरिन. मॅकगरिन यांनी कळांच्या जागा पाठ केल्या होत्या. फलकाकडे न पाहता सगळ्या बोटांनी ते टंकलेखन करीत. ते सहज जिंकले. या एका दिवसाने सारा इतिहास ठरला असे सांगितले जाते, ते आम्हांला अतिशयोक्त वाटते. एका स्पर्धेवरून यंत्रांची परीक्षा होत नाही, आणि दुहेरी कळफलकाची यंत्रे त्यानंतरही बरीच वर्षे विकली गेली. पण न पाहता टंकलेखन करण्याची पद्धत पसरू लागली, आणि त्या पद्धतीला कमी कळांचा आटोपशीर फलक सोयीचा होता. बोटे जागेवरून फारशी न हलवता चाळीस-पन्नास कळा गाठता येतात, सत्तर-ऐंशी नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-अडीच दशकांत दुहेरी फलक मागे पडले.

हा निकाल वेगाच्या बाजूने लागला आणि वेग मोजला गेला तो दहा निरोगी बोटांचा. एका बोटाने काम करणाऱ्या माणसाला दुहेरी फलक अधिक मानवला असता असे आमचे मत आहे. हात थोडा लांब न्यावा लागला असता, पण खांदा आणि कोपर यांनी हात हलवणे हे करंगळी ताणून धरण्यापेक्षा पुष्कळ सोपे. त्या काळी हा प्रश्न कोणी विचारल्याचे दिसत नाही.

शिफ्टचे ओझे उत्पादकांनाही जाणवत होते. गाडी जड असते आणि सर्वांत दुबळ्या बोटाने ती उचलायची असते. म्हणून पुढच्या कित्येक यंत्रांत गाडी स्थिर ठेवून ठशांच्या दांड्यांची टोपलीच खालीवर सरकवण्याची योजना आली; ती हलकी पडे. सलग मोठी अक्षरे हवी असतील तर शिफ्ट अडकवून ठेवणारा खटकाही आला. आजच्या कॅप्स लॉकचा तो पूर्वज. ज्यांनी जुन्या टायपिंग क्लासमध्ये मराठीचा सराव केला आहे, त्यांना करंगळीचे ते दुखणे आठवत असेल. विजेची यंत्रे आल्यावर हे श्रम कमी झाले. १९६१ मध्ये आयबीएमने सिलेक्ट्रिक हे यंत्र आणले. त्यात दांड्या नव्हत्या, गाडी सरकत नव्हती. फिरणाऱ्या एका गोळ्यावर सगळी अक्षरे होती. तरीही शिफ्ट दाबूनच धरावी लागे.

पुढची पायरी फार बोलकी आहे. १९६३ मध्ये अमेरिकेत आस्की ही संकेतप्रणाली प्रसिद्ध झाली; १९६७ च्या सुधारित आवृत्तीत लहान अक्षरांच्या जागा पक्क्या झाल्या. तीत मोठ्या ‘ए’चा क्रमांक ६५ आणि लहान ‘ए’चा ९७. द्विमान पद्धतीत लिहिले तर १०००००१ आणि ११००००१. फरक फक्त एका अंकाचा. म्हणजे जी शिफ्ट पूर्वी जड लोखंडी गाडी उचलत होती, ती आता एका शून्याचा एक किंवा एकाचा शून्य करणारी झाली. संगणकाच्या आत सरकणारे काही उरले नाही. बोटाने अडसर होऊन उभे राहण्याची गरज संपली, कारण ‘शिफ्ट दाबली होती’ एवढी गोष्ट लक्षात ठेवणे हे तर स्मृती असलेल्या यंत्राचे सर्वांत सोपे काम. तरीही कळफलक बनवणाऱ्यांनी जुनी सवय तशीच उचलली. उलट कंट्रोल, ऑल्ट अशा आणखी दाबून धरायच्या कळा वाढल्या.

त्यातला कळस म्हणजे कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट. १९८१ मध्ये आयबीएमचा वैयक्तिक संगणक आला. त्यावर काम करणाऱ्या डेव्हिड ब्रॅडली यांनी संगणक पुन्हा सुरू करण्यासाठी या तीन कळांची योजना केली. चुकून दाबल्या जाऊन चालू काम नाहीसे होऊ नये, हा हेतू. आधी डिलीटच्या जागी एस्केप होती. पण त्या तिन्ही डाव्या बाजूला असल्याने एकाच हाताने दाबल्या जाण्याची शक्यता होती. म्हणून उजवीकडची डिलीट निवडली. म्हणजे एका हाताने हे होऊ नये अशीच ती रचना होती, आणि त्या मर्यादित हेतूला ती योग्यही होती. पुढे १९९३ मध्ये विंडोज एनटी आली, आणि संगणकात प्रवेश करण्यासाठीच या तीन कळा एकदम दाबणे आवश्यक झाले. आता त्या चुकून दाबल्या जाऊ नयेत एवढाच प्रश्न राहिला नाही. ज्याला त्या दाबता येत नाहीत तो दाराबाहेरच राहिला. त्याऐवजी एकच कळ असती तर बरे झाले असते, असे बिल गेट्स यांनी २०१३ मध्ये सांगितले. त्यांचे कारण सर्वसाधारण सोयीचे होते.

आता ज्यांनी वेगळा विचार केला त्यांच्याकडे वळू. १९६० च्या सुमारास इंग्लंडमध्ये स्टोक मँडव्हिल रुग्णालयात येणाऱ्या रेग मेलिंग यांनी, ज्यांना हातपाय हलवता येत नाहीत अशा रुग्णांसाठी, नळीत फुंकून किंवा ओढून चालवायचे एक निवडयंत्र तयार केले. त्याने दिवा, घंटा आणि पुढे टंकलेखन यंत्रही चालवता येऊ लागले. त्याचे नाव पॉसम. इंग्रजी आद्याक्षरांवरून बेतलेल्या या नावाचा लॅटिनमधला अर्थ ‘मला जमते’. तत्त्व महत्त्वाचे होते : एका वेळी एकच साधी क्रिया, बाकीची जुळणी यंत्राने करायची.

अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात १९७१ मध्ये ग्रेग व्हँडरहायडेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सेरेब्रल पाल्सी असलेल्या एका मुलाला संवाद साधता यावा म्हणून काम सुरू केले. त्यातून ट्रेस केंद्र उभे राहिले. वैयक्तिक संगणक आल्यावर या केंद्रापुढे प्रश्न आला तो एका बोटाने, तोंडात धरलेल्या काडीने किंवा डोक्याला बांधलेल्या दांडीने कळा दाबणाऱ्यांचा. शिफ्ट कशी धरायची? सुरुवातीचे उपाय सुतारकामाचे होते : कळेवर वजन ठेवायचे, बाजूला खिटी बसवायची. पण खरा उपाय आज्ञावलीत होता, आणि तो इतका लहान आहे की तो सुचायला एवढी वर्षे का लागावीत असे वाटते. शिफ्ट एकदा दाबून सोडली की संगणकाने ती लक्षात ठेवायची आणि पुढच्या एका कळेला लागू करायची. दोनदा दाबली तर ती अडकवून ठेवायची, तिसऱ्यांदा दाबल्यावर सोडायची. एकदम दाबायच्या कळा एकापाठोपाठ दाबायच्या झाल्या. याला स्टिकी कीज, म्हणजे चिकटकळा म्हणतात.

१९८७ मध्ये ॲपलने मॅकिंटॉशमध्ये ही सोय दिली. १९९१ मध्ये आयबीएमच्या ॲक्सेस-डॉसमध्ये ती आली, आणि १९९५ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या विंडोज ९५ पासून ती प्रत्येक संगणकात मुळातच बसवलेली आहे. तिच्याबरोबर तिची भावंडेही आली. कळ थोडा वेळ दाबून ठेवल्याशिवाय न स्वीकारणारी एक. थरथरत्या बोटाने दोनदा लागलेला धक्का एकच धरणारी दुसरी. बोट चटकन उचलता आले नाही तरी ‘कककक’ अशी रांग लावू न देणारी तिसरी. आणि अंकांच्या कळांनी माऊसचा बाण हलवणारी चौथी. ही शेवटची संधिवाताच्या माणसाला फार उपयोगी आहे. माऊस ओढताना बटण दाबून धरायचे आणि त्याच वेळी हात सरकवायचा, ही शिफ्टचीच दुसरी आवृत्ती आहे.

विंडोजवर शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबली की चिकटकळा सुरू करायच्या का, अशी विचारणा होते. शाळेच्या संगणक कक्षात मुलांना ती माहीत असते, पण खेळताना मध्येच येणारी कटकट म्हणून. आणि ती कायमची बंद करण्याची युक्तीही ती एकमेकांना शिकवतात.

मराठीत हा प्रश्न इंग्रजीपेक्षा मोठा आहे, याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. इन्स्क्रिप्ट कळफलक १९८६ मध्ये भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने प्रमाण ठरवला. पुण्याच्या सी-डॅकने १९८८ नंतर जिस्टच्या रूपाने भारतीय लिपी संगणकावर रुजवल्या, तेव्हा तो सर्वदूर गेला. रचना देखणी आहे. स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. क च्या वर ख, ग च्या वर घ, त च्या वर थ. काना, मात्रा, वेलांट्या खालच्या मजल्यावर. स्वतंत्र स्वर वरच्या. वर्णमाला येणाऱ्या माणसाला ती लवकर पाठ होते, आणि सगळ्या भारतीय लिपींना तीच चालते. जोडाक्षरांसाठी तर तिने अगदी योग्य मार्ग निवडला : आधी व्यंजन, मग पाय मोडण्याची कळ, मग पुढचे व्यंजन. सगळे एकापाठोपाठ, एका बोटाने जमण्याजोगे.

पण महाप्राण व्यंजने, स्वतंत्र स्वर, श, ष, ण आणि ळ यांना शिफ्ट लागते. हिंदीत ळ नाही आणि ण तुलनेने कमी येतो. मराठीचे या दोघांवाचून एक वाक्य पुढे सरकत नाही. ‘आमच्या शाळेत आठ वर्ग आहेत’ हे वाक्य घ्या. मधल्या मोकळ्या जागा सोडून त्याला २१ कळा लागतात, आणि त्यांतल्या ६ शिफ्टसह : आ तीनदा, श, ळ आणि ठ. याच अर्थाच्या इंग्रजी वाक्याला २४ कळा लागतात, आणि शिफ्ट एकदाच, पहिल्या मोठ्या अक्षरासाठी. एका वाक्यावरून सरासरी काढू नये हे खरेच. विद्यार्थ्यांनी पाठ्यपुस्तकातला शंभर शब्दांचा उतारा घेऊन शिफ्टची अक्षरे मोजावीत. वारंवारतेचा तक्ता करण्यासाठी हा चांगला प्रकल्प आहे. त्यात आणखी एक गोष्ट दिसेल. व्यंजने उजवीकडे असल्याने त्यांच्यासाठी डावी करंगळी शिफ्टवर लागते, आणि स्वर डावीकडे असल्याने त्यांच्यासाठी उजवी. दोन्हींपैकी एक जरी दुखरी असली तरी सुटका नाही.

शिफ्ट निसटली की काय होते? श च्या खाली स आहे आणि ळ च्या खाली ल. त्यामुळे ‘शाळा’चा ‘साला’ होतो. ‘फळा’चा ‘पला’ आणि ‘ठाणे’चे ‘टामे’. आमच्या परिचयातील एका शिक्षिकेने निवृत्तीच्या आधीची दोन वर्षे अशाच मजकुराच्या दुरुस्तीत घालवली. आमवाताने त्यांची डावी करंगळी आत वळलेली होती. मराठी व्याकरण शिकवण्यात त्यांचा हातखंडा, आणि त्यांनी लिहिलेल्या सूचनेत मात्र अशी अक्षरे. त्यांनी शेवटी मजकूर कागदावर लिहून दुसऱ्याकडून टंकलिखित करून घ्यायला सुरुवात केली. चिकटकळांची सोय त्यांच्याच संगणकात होती. ती आहे हे त्यांना कोणी सांगितले नव्हते आणि कोठे विचारावे हे त्यांनाही ठाऊक नव्हते.

अशी माणसे मधल्या फटीत सापडतात. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात २१ प्रकार दिलेले आहेत. संधिवात हा त्यांत स्वतंत्र प्रकार नाही. हातांचे व्यंग पुष्कळ वाढले तर चलनविषयक दिव्यांगत्वात ते मोजले जाऊ शकते. पण सकाळी आखडणारा आणि दुपारी बरा चालणारा हात प्रमाणपत्रात कसा बसवायचा? दुपारी चालतो म्हटल्यावर सहकाऱ्यांनाही सकाळची तक्रार खरी वाटत नाही. आणि शिक्षकांचे काम तर फलकावरून पडद्यावर येऊन बसले आहे : हजेरी, निकाल, विद्यार्थ्यांची माहिती, सगळे भरायचे संगणकावर, आणि तेही बहुधा शेवटच्या तारखेला.

बोलून लिहिण्याचा उपाय आता मराठीतही आहे. इंग्रजीसाठी ड्रॅगन कंपनीची आज्ञावली १९९० मध्ये आली, तेव्हा तिची किंमत सुमारे नऊ हजार डॉलर होती आणि प्रत्येक शब्दानंतर थांबावे लागे. सलग बोलणे १९९७ मध्ये शक्य झाले. मराठीसाठी गूगलने २०१७ मध्ये ही सोय दिली. पत्र किंवा टिपण लिहायला ती उत्तम. विद्यार्थ्यांची आडनावे, रकान्यातले आकडे आणि शिक्षक-खोलीतला गलबला यांपुढे ती थकते, आणि चुका दुरुस्त करायला पुन्हा कळफलकाकडेच यावे लागते.

चिकटकळाही फुकट मिळत नाहीत, हे सांगितले पाहिजे. ‘शाळा’ लिहायला त्यांच्यामुळे चार दाबांऐवजी सहा लागतात : शिफ्ट, श, काना, शिफ्ट, ळ, काना. ज्याला ताण सोसत नाही त्याला हा सौदा फायद्याचा. ज्याच्या बोटाच्या टोकाशीच गाठी आहेत आणि प्रत्येक दाब दुखतो, त्याला कदाचित नाही. त्याने हलक्या कळांचा फलक किंवा बोलून लिहिणे आजमावावे. दोन्ही करून पाहिल्याशिवाय ठरवता येत नाही, आणि बाहेरून पाहणाऱ्याला तर मुळीच नाही.

स्मार्टफोनच्या पडद्यावर इंग्रजी लिहिताना मोठे अक्षर कसे काढतो, ते एकदा लक्ष देऊन पाहावे. बाणाची कळ एकदा टेकवायची, सोडायची, मग अक्षर टेकवायचे. एका अक्षरानंतर बाण आपोआप उतरतो. सलग मोठी अक्षरे हवी असतील तर बाण दोनदा टेकवायचा. एका अंगठ्याने चालवायच्या फोनवर दाबून धरण्याची अट ठेवणे शक्यच नव्हते. ट्रेस केंद्रात एका बोटाच्या आणि तोंडातल्या काडीच्या माणसांसाठी जो नियम बसवला गेला, तोच नियम, ‘दोनदा टेकवले की अडकते’ या तपशिलासह, आज बहुतेक फोनवर आहे, आणि तेथे त्याला वेगळे नाव नाही.